निद्राश्वसनरोध आणि दिवसाचा झोपाळूपणा

निद्राश्वसनरोध (स्लीप ॲप्निया) हा झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा किंवा अतिशय उथळ होण्याचा विकार आहे. रात्री सात-आठ तास अंथरुणात घालवूनही दिवसा झोप अनावर होणे हे त्याचे एक प्रमुख लक्षण होय. अशा रुग्णांच्या झोपेचे तास पुरेसे भरतात, पण तिचे सातत्य तुटलेले असते.

कारणे

सर्वाधिक आढळणाऱ्या अवरोधी प्रकारात झोप लागल्यावर घशाचे व जिभेचे स्नायू सैल पडून श्वसनमार्ग मिटतो. श्वासपटलाची हालचाल चालू असते, परंतु हवा आत जात नाही. रक्तातील ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मेंदू क्षणभर जागृत होतो. स्नायूंना पुन्हा ताण येऊन मार्ग उघडतो, आचका देऊन श्वास सुरू होतो व लगेच झोप लागते. श्वास किमान १० सेकंद थांबल्यास तो श्वसनरोध मानतात. श्वास थांबण्याच्या व उथळ होण्याच्या घटना तासाला ३० किंवा अधिक असल्यास विकार तीव्र समजला जातो. म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांनी एक व्यत्यय.

ही जागृती बहुधा काही सेकंदांचीच असल्याने सकाळी आठवत नाही. त्यामुळे रात्रभर शांत झोपल्याचे रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो. घोरणे म्हणजे डाराडूर झोप, या रूढ समजुतीने घरच्यांचीही दिशाभूल होते. प्रत्यक्षात प्रत्येक व्यत्ययाने झोप हलक्या अवस्थेत परतते. गाढ झोप व स्वप्ने पडणारी रेम निद्रा यांचा वाटा घटतो. रेम निद्रेत स्नायू सर्वाधिक शिथिल असल्याने तेथे श्वसनरोध अनेकदा अधिक लांबतो.

ऑक्सिजनच्या चढउतारांचाही यात वाटा असावा. उंदरांवरील प्रयोगांत अशा चढउतारांमुळे जागृती राखणाऱ्या चेतापेशींना इजा झाल्याचे आढळले आहे. रात्रीच्या मद्यपानाने घशाचे स्नायू आणखी सैलावतात व विकार बळावतो.

मापन व उपचार

झोपाळूपणा मोजण्यासाठी मरे जॉन्स यांनी मेलबर्न येथे तयार केलेली एपवर्थ प्रश्नावली (१९९१) वापरतात. तीत आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता विचारली जाते. २४ पैकी १० पेक्षा अधिक गुण अतिरिक्त झोपाळूपणा दर्शवतात. मात्र विकाराची तीव्रता व झोपाळूपणा यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. काही तीव्र रुग्णांना झोप येत नाही, केवळ थकवा किंवा सकाळची डोकेदुखी जाणवते. वाहनचालकांच्या बाबतीत डुलकी प्राणघातक ठरू शकते.

कॉलिन सलिव्हन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये सिडनी येथे वर्णिलेल्या सीपॅप उपचारात मुखवट्यातून दाबाने हवा देऊन श्वसनमार्ग उघडा ठेवतात. नियमित वापराने बहुतेकांचा झोपाळूपणा कमी होतो. काहींमध्ये मात्र तो उपचारानंतरही उरतो. तेव्हा अपुरी झोप, औषधे, नैराश्य किंवा अन्य निद्राविकार यांचा शोध घ्यावा लागतो.