टाकाऊ पुठ्ठ्यातून युद्धनौका

रद्दी पुठ्ठा, रिकाम्या रिफिली, टाचण्या – एवढ्या भांडवलावर युद्धनौकेची प्रतिकृती घरी बनते. मात्र जाणकार गिऱ्हाईक पैसे मोजते ते अचूक मापासाठी. १९६१ साली नौदलात आलेली व १९९७ साली निवृत्त झालेली पहिली ‘विक्रांत’ सुमारे २१३ मीटर लांब होती. १:४०० प्रमाणात ती ५३ सेंटिमीटर भरते. टाचणीची तोफ, रिफिलची डोलकाठी, डेकवरील विमाने, सर्वांना हेच प्रमाण लावावे. प्रथम पुठ्ठ्याचा कणा व आडव्या फासळ्या उभ्या करून त्यावर पट्ट्या चिकटवाव्यात. रंगापूर्वी वार्निशचा हात द्यावा, नाहीतर पुठ्ठा ओल धरून फुगतो.

माल फुकटचा म्हणून किंमत कमी सांगू नये. लागलेले तास रोज वहीत लिहावेत व त्यांची मजुरी धरूनच भाव ठरवावा.