नागपूर करार

नागपूर करार हा मराठी भाषकांच्या एकत्र राज्यासाठी पश्चिम महाराष्ट्र, महाविदर्भ आणि मराठवाडा येथील काँग्रेस नेत्यांनी २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर येथे केलेला राजकीय करार होय. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, शेषराव वानखेडे, देवीसिंग चौहान आदींनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या.

पार्श्वभूमी

त्या काळी मराठी मुलूख मुंबई, मध्य प्रदेश आणि हैदराबाद या तीन राज्यांत विभागलेला होता. महालातील भोसल्यांच्या राजवाड्यापासून राज्यकारभार पाहिलेले नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी असून तेथे स्वतंत्र उच्च न्यायालयही होते. मुंबई राजधानी झाल्यास हे दोन्ही मान जातील आणि निधी व नोकऱ्यांत आपल्यावर अन्याय होईल, अशी विदर्भात धास्ती होती. १९४७ च्या अकोला करारानेही ती पुरती दूर झाली नव्हती.

प्रमुख तरतुदी

* मुंबई ही राज्याची राजधानी असावी.
* विकासनिधी, सरकारी नोकऱ्या आणि तांत्रिक शिक्षणातील प्रवेश यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळावा. मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यावे.
* उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरात असावे.
* शासनाचे कामकाज दरवर्षी ठराविक काळ नागपुरातून चालावे व विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे भरावे.

अंमलबजावणी

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. नागपूरचे खंडपीठ आणि बहुधा डिसेंबरात भरणारे हिवाळी अधिवेशन ही या कराराची दृश्य फळे होत. निधीवाटपाचे कलम मात्र वादग्रस्त ठरले. करार हा कायदा नसल्याने त्याच्या भंगाबद्दल थेट दाद मागण्याची सोय त्यात नव्हती. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि ‘अनुशेष’ हा शब्द रूढ झाला. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार १९९४ साली वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली; त्यांची मुदत २०२० साली संपली.

मूल्यमापन

राजधानी सोडून हमी मिळवण्याची ही तडजोड होती. राजधानीचा त्याग एकदाच करावयाचा होता. हमी मात्र दरवर्षीच्या अर्थसंकल्पात पाळावयाची होती. म्हणूनच स्वतंत्र विदर्भाचे समर्थक २८ सप्टेंबरला या कराराची होळी करतात, तर समन्यायी वाटपाची मागणी करणारे त्याच कराराचा आधार घेतात.