जर्मन शब्द नेमका कुठे तोडायचा?

आज एका जर्मन शब्दापासून सुरुवात करू: श्टाउबेकेन. ओळ संपत आली आहे, शब्द मावत नाही. कुठे तोडाल?

'श्टाउ-बेकेन' असा तोडलात तर अर्थ होतो पाणी अडवून साठवायचा जलाशय. 'श्टाउब-एकेन' असा तोडलात तर धुळीचे कोपरे! रोमन लिपीत दोन्हींची अक्षरं तीच, क्रमही तोच.

जर्मनमध्ये असे जोडशब्द सलग लिहितात, म्हणून ही पंचाईत. नियम तसा सरळ आहे: आधी समासाचा विग्रह करा, मग एकेका पदाचे उच्चाराप्रमाणे तुकडे पाडा. तुकडे पाडताना दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन सहसा पुढच्या ओळीत जातं. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये मी एवढंच घातलं आणि विग्रह विसरले. त्यामुळे धुळीच्या कोपऱ्यांचा दर वेळी जलाशय व्हायचा.

संगणकाला हे शिकवायचं कसं? फ्रँकलिन लियांग यांनी १९८३ मध्ये स्टॅनफर्डला डोनाल्ड क्नूथ यांच्या हाताखाली याच प्रश्नावर पीएचडी केली. त्यांची पद्धत अशी: तोडलेल्या शब्दांच्या यादीतून अक्षरांचे छोटे नमुने काढायचे आणि अक्षरांच्या मध्ये आकडे ठेवायचे. विषम आकडा म्हणजे 'इथे तोडा', सम म्हणजे 'तोडू नका'. एकाच जागेवर दोन नमुने भांडले, तर मोठा आकडा जिंकतो. इंग्रजीसाठी ४,४४७ नमुन्यांत यादीतल्या ८९ टक्के जागा सापडल्या, आणि चुकीची जागा जवळपास एकही नाही.

उरलेल्या ११ टक्के जागा सुटल्या, पण ते चालण्यासारखं होतं. चुकीचं तोडण्यापेक्षा न तोडलेलं बरं, हा त्यामागचा हिशेब.

जर्मनमध्ये मात्र हा हिशेब तितका स्वस्तात सुटत नाही. शब्दच इतके लांब, की एक जागा सुटली तरी अरुंद रकान्यात ओळीला मोठी भोकं पडतात. शिवाय श्टाउबेकेनसारख्या शब्दात नमुने हतबल होतात. ते शब्दातली अक्षरं बघतात, आजूबाजूचं वाक्य नाही.

म्हणून संशोधनाची तयारी करताना 'माझी पद्धत किती टक्के अचूक?' हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी विचारा: माझ्या विषयात कोणती चूक महाग पडते, चुकीचं उत्तर की सुटलेलं उत्तर? ते एका वाक्यात वहीत लिहा. पद्धत त्यानंतर निवडा.