मुद्देमाल : एक दगड

तालुक्याच्या कोर्टात शिपायाचा पुकारा होतो. कैदी पार्टीतला हवालदार मनगटाला धरून एकाला आत आणतो. चाळिशीचा माणूस, शर्टाची बटणं एक काज चुकवून लावलेली. मी मागच्या बाकावर बसलोय.

"नाव काय तुमचं?" न्यायाधीश विचारतात.

तो पंख्याकडे बघतो. "गाडी लागली का?"

कोणी हसत नाही.

आरोप एसटीची काच फोडल्याचा. आज साक्षी सुरू व्हायच्या, म्हणून मुद्देमालही टेबलावर आलाय: कापडात बांधलेला, लाखेचं सील लावलेला एक दगड. वर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी.

लोकअभिरक्षक बाई मानसोपचारतज्ज्ञांचा अहवाल पुढे करतात. दगड मारताना मन ठिकाणावर होतं का, हा न्याय संहितेच्या कलम 22चा प्रश्न नंतरचा. आज त्याला स्वतःचा बचाव करता येतो का, हा आधीचा. येत नसेल तर खटला थांबतो. खटला थांबला, तरी माणूस 11 महिने आतच आहे.

"साहेब, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 369 बघावं. भरती करायची गरज नाही, असं डॉक्टर लिहितात. औषधोपचाराची आणि सांभाळायची हमी घरच्यांनी दिली तर जामीन देता येतो. गुन्हा अजामीनपात्र असला तरी."

"घरचं कोण आलंय?"

नऊवारीतल्या एक बाई उठतात. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड. "मी थोरली बहीण. सांभाळीन की, साहेब. पण गोळ्या जिल्ह्याला मिळतात. दर खेपेला माझा रोज बुडतो. कामावर गेले की याच्याजवळ कोण थांबणार?"

सरकारी वकील हळूच म्हणतात, "हमी कच्ची आहे, साहेब."

न्यायाधीश पेन खाली ठेवतात. पुन्हा उचलतात. इथल्या ग्रामीण रुग्णालयातून गोळ्या देता येतील का, असं जिल्हा शल्यचिकित्सकांना विचारायचा आदेश सांगतात. पुढची तारीख 14 दिवसांनी.

व्हरांड्यात बहीण त्याला थांबवते. सगळी बटणं काढून पहिल्यापासून नीट लावायला घेते. हवालदार मनगट सोडून भिंतीकडे बघत उभा राहतो.

शेवटचं बटण लागतं. तो पुन्हा विचारतो, "गाडी लागली का?"

"लागली," हवालदार म्हणतो. "चला."

फाटकाशी पोलीस व्हॅन सुरूच आहे.