फार्मसीचे भांडवल : समूहाकडून की शेअर बाजारातून?

आयुर्वेदीय औषधनिर्मिती आता केवळ खलबत्ता, चूल आणि वैद्याचा हातगुण यांवर चालत नाही. सन २००० मध्ये शेड्यूल टी आले आणि किमान १२०० चौरस फूट बांधीव जागा, प्रत्येक कार्यासाठी स्वतंत्र विभाग, कच्च्या द्रव्यांची परीक्षा, नोंदवह्या या गोष्टी अनिवार्य झाल्या. त्या योग्यच आहेत, परंतु त्यांना पैसा लागतो. वैद्याजवळ विद्या असते, अनुभव असतो, रुग्णांचा विश्वास असतो. नसते ते भांडवल.

अलीकडे आमच्या परिचयातील एका फार्मसीमालक वैद्यांनी यावर एक उपाय योजला. आपल्या जुन्या रुग्णांना आणि विद्यार्थ्यांना त्यांनी मोबाइलवर संदेश पाठविला : ‘आपल्या फार्मसीचे भागीदार व्हा, दहा हजारांपासून शेअर उपलब्ध.’ पहिल्या दोन दिवसांत पन्नासांहून अधिक जणांनी होकार कळविला. सुदैवाने पैसे स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आपल्या सनदी लेखापालांना विचारले. ‘वैद्यराज, हा संदेश आजच मागे घ्या,’ एवढेच ते म्हणाले. त्यांनी असे का म्हटले, हे आपणा सर्वांना ठाऊक असणे आवश्यक आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

समूहभांडवल म्हणजे काय?

लोकांकडून थोडे थोडे धन गोळा करून उद्योग उभारण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून तळेगावचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला. परंतु ते दान होते. पैसा देणाऱ्याला कारखान्यात हिस्सा मिळत नव्हता. समभागांच्या समूहभांडवलात, ज्याला इक्विटी क्राउडफंडिंग म्हणतात, पैसे देणारा कंपनीचा अंशतः मालक होतो. हा भेद लहान दिसतो, पण सर्व कायदा त्यावरच उभा आहे.

ही पद्धत प्रथम इंग्लंडमध्ये रुजली. क्राउडक्यूब हे व्यासपीठ २०११ मध्ये एक्झिटर येथे सुरू झाले. २०१६ मध्ये मॉन्झो या नव्या बँकेने त्यावरून अवघ्या ९६ सेकंदांत १० लाख पौंड उभे केले. तेथील वित्तीय नियामकाने २०१४ पासून सामान्य गुंतवणूकदारावर मर्यादा घातली : आपल्या गुंतवणूकयोग्य संपत्तीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम त्याने अशा समभागांत घालू नये. अमेरिकेत २०१२ च्या जॉब्ज कायद्याने या मार्गास मान्यता दिली, नियम मे २०१६ पासून लागू झाले, आणि २०२१ मध्ये बारा महिन्यांत उभारावयाच्या रकमेची मर्यादा ५० लाख डॉलर करण्यात आली. असे समभाग तेथे सामान्यतः एक वर्ष विकता येत नाहीत.

भारतातील स्थिती

येथे मात्र समभागांचे समूहभांडवल अद्याप मान्य नाही. सेबीने जून २०१४ मध्ये या विषयावर एक चर्चापत्र प्रसिद्ध केले होते. त्यातून नियमावली झाली नाही. उलट ऑगस्ट २०१६ मध्ये सेबीने जाहीर इशारा दिला की, संगणकीय व्यासपीठांवरून कंपन्यांचे समभाग अशा रीतीने विकणे अनधिकृत आहे.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४२ नुसार खासगी रीतीने समभाग देता येतात. पण अटी कडक आहेत. प्रस्ताव नावाने निश्चित केलेल्या व्यक्तींनाच द्यावयाचा. एका आर्थिक वर्षात, मोठ्या वित्तसंस्था व समभाग योजनेतील कर्मचारी वगळता, २०० पेक्षा अधिक जणांना तो देता येत नाही. त्याची जाहिरात करता येत नाही. पैसे रोखीने घेता येत नाहीत. ते स्वतंत्र बँक खात्यात ठेवून ६० दिवसांत समभागवाटप करावे लागते. नियम मोडल्यास प्रवर्तक व संचालकांना उभारलेली रक्कम अथवा दोन कोटी रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढा दंड होऊ शकतो, शिवाय सर्व रक्कम व्याजासह परत करावी लागते.

आता त्या वैद्यांचा संदेश आठवावा. तो पुढे कोणाकोणाच्या हाती गेला असेल, याची गणना कोण करणार? त्यांचा हेतू शुद्ध होता, यात आम्हांस शंका नाही. परंतु कायदा हेतूपेक्षा कृती पाहतो. ‘हा आमचा खासगी मामला आहे’ असे म्हणून लाखो लोकांकडून पैसे घेता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये सहाराच्या दोन कंपन्यांच्या प्रकरणी स्पष्ट केले आणि १५ टक्के व्याजासह रक्कम परत करण्याचा आदेश दिला. शिवाय त्या वैद्यांची फार्मसी ही एकल मालकीची पेढी होती. पेढीला ‘शेअर’ नसतोच. प्रथम कंपनी स्थापन करावी लागते, याचाही त्यांना विसर पडला होता.

दुसरा मार्ग : शेअर बाजार

सर्वसामान्य जनतेस समभाग विकण्याचा राजमार्ग म्हणजे बाजारात नोंदणी. लहान उद्योगांसाठी मुंबई शेअर बाजार व राष्ट्रीय शेअर बाजार यांनी २०१२ मध्ये स्वतंत्र विभाग उघडले. विक्रीनंतरचे भरणा झालेले भांडवल २५ कोटींपर्यंत असलेल्या कंपन्यांसाठी ते आहेत. मात्र २०२५ मध्ये सेबीने हे दार अरुंद केले. मागील तीन वर्षांपैकी दोन वर्षांत किमान एक कोटी रुपये कार्यचालन नफा हवा; जुन्या भागधारकांनी विकावयाचे समभाग एकूण विक्रीच्या २० टक्क्यांहून अधिक नसावेत; आणि गुंतवणूकदाराचा अर्ज दोन लाख रुपयांहून अधिक रकमेचा असावा. अर्थात, दहा हजार रुपये देऊ पाहणारा आपला रुग्ण येथे प्रवेशच करू शकत नाही.

दोन मार्गांची तुलना

पहिला भेद माहितीचा. बाजारात येणाऱ्या कंपनीला माहितीपत्रकात सर्व जोखीम, कर्ज, खटले, कुटुंबीयांशी असलेले व्यवहार उघड करावे लागतात. समूहभांडवलात ही माहिती पुष्कळ त्रोटक असते.

दुसरा भेद निर्गमनाचा. बाजारातील समभाग विकून मोकळे होता येते, जरी लहान कंपनीच्या समभागास ग्राहक विरळाच. समूहभांडवलातील भागधारक मात्र वर्षानुवर्षे अडकून पडतो. स्कॉटलंडमधील ब्रूडॉग या कंपनीने २०१० च्या सुमारापासून आपल्या ग्राहकांनाच समभाग विकले. २०१७ मध्ये एका मोठ्या गुंतवणूकसंस्थेने तीत प्रवेश केला, तो अग्रहक्काचे समभाग घेऊन. म्हणजे कंपनी विकली गेल्यास प्रथम त्या संस्थेचे पान वाढले जाणार. ज्यांच्या प्रेमावर कंपनी उभी राहिली ते ग्राहक शेवटच्या पंगतीला.

तिसरा भेद नियंत्रणाचा, आणि तो आपल्या व्यवसायाला अधिक जवळचा आहे. जामनगरच्या झंडू भट्टजींच्या नावाने जुगतराम वैद्य यांनी १९१० मध्ये मुंबईत सुरू केलेली झंडू फार्मास्युटिकल वर्क्स पुढे सार्वजनिक कंपनी झाली. २००८ मध्ये वैद्य कुटुंबाने आपला सुमारे एक चतुर्थांश हिस्सा कोलकात्याच्या इमामीस विकला. दुसऱ्या प्रवर्तक पारीख कुटुंबाने प्रथम कडवा विरोध केला. पण वर्ष सरण्यापूर्वी त्यांनाही आपला हिस्सा विकावा लागला. त्यांना दर दुपटीहून अधिक मिळाला, मात्र कंपनी दोन्ही घराण्यांच्या हातून गेली. याउलट १९९४ मध्ये जनतेस समभाग विकणाऱ्या डाबरमध्ये बर्मन कुटुंबाने निम्म्याहून अधिक हिस्सा आपल्याकडे राखला, म्हणून तेथे तसा प्रसंग आला नाही. आणि १९०२ मध्ये वैद्यरत्नम् पी. एस. वारियर यांनी स्थापिलेली कोट्टक्कलची आर्यवैद्यशाला या दोन्ही वाटांनी न जाता धर्मादाय न्यास म्हणून मोठी झाली. मार्ग एकच नाही, हेच यावरून दिसते.

मग लहान फार्मसीने काय करावे?

ज्याची गरज ५० लाखांच्या आतबाहेर आहे, त्याने प्रथम कर्जाचा विचार करावा. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात नव्या उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. चालू उद्योगासाठी सूक्ष्म व लघु उद्योगांच्या पतहमी योजनेची मर्यादा एप्रिल २०२५ पासून १० कोटी रुपये आहे. तीत तारणाशिवाय बँकेचे कर्ज मिळू शकते. हिस्सा देऊनच भांडवल उभारावयाचे असल्यास कंपनी स्थापन करावी आणि मोजक्या, जाणत्या, नुकसान सोसू शकणाऱ्या व्यक्तींना कलम ४२ च्या चौकटीत समभाग द्यावेत. शेअर बाजाराचा विचार नफा स्थिर झाल्यावर, हिशेब चोख ठेवण्याची सवय लागल्यावर करावा.

रुग्णांविषयी एक शब्द

कायद्याच्या पलीकडचा मुद्दा आम्ही शेवटी मांडतो. नाडी दाखवावयास आलेला रुग्ण वैद्यांना ‘नाही’ म्हणू शकत नाही. त्याने दिलेला होकार हा व्यवहाराचा नसतो, श्रद्धेचा असतो. उद्या तोच रुग्ण भागधारक झाला, तर त्याला लिहून दिलेले औषध त्याच्या प्रकृतीसाठी आहे की फार्मसीच्या विक्रीसाठी, ही शंका त्याच्या मनात आली नाही तरी आपल्या मनात यावी. फार्मसी बुडाली तर त्याचे दहा हजार जातील, आणि त्याबरोबर त्याचा वैद्यही जाईल.

आमच्या परिचयातील त्या वैद्यांनी संदेश मागे घेतला, होकार देणाऱ्या प्रत्येकाला स्वतः दूरध्वनी करून कारण सांगितले आणि बँकेकडे अर्ज केला. ‘यंत्र सहा महिने उशिरा येईल, पण सकाळी दवाखान्यात मान वर करून बसता येईल,’ असे ते आम्हांस म्हणाले. औषधाप्रमाणे भांडवलही बलाबल पाहून, मात्रेने घ्यावयाचे असते. आमचे व्यवसायबंधू तसेच घेतील, असा आम्हांस विश्वास वाटतो.