एकच ट्रिक, तीन नावं: यो-योमधला नावांचा गोंधळ

कानात हेडफोन घालायला सवड नसेल, तर आजचा भाग इथे वाचून काढा. विषय आहे यो-योच्या ट्रिकांची नावं. नावात काय, कुठलंही चालेल, असं वाटतं ना? पण शिकायला बसलात की पहिली ठेच तिथेच लागते.

एक साधी ट्रिक घ्या. यो-यो असा तिरका फेकायचा की तो उभा न फिरता आडवा, ताटलीसारखा फिरेल. याला कुणी फ्लाइंग सॉसर म्हणतं, कुणी यूएफओ, तर कुणी स्लीपिंग ब्युटी. तिन्ही एकच! खेळता खेळता दोरीचा पीळ घट्ट किंवा सैल होतो, तो ठीक करायला हीच ट्रिक वापरतात. म्हणजे नवख्याला अगदी सुरुवातीला लागणारी गोष्ट, आणि तिलाच तीन नावं. तुम्हाला स्लीपिंग ब्युटी येते, पण व्हिडिओतला माणूस म्हणतो, "आधी यूएफओ करून घ्या." झालं, अडकलात.

उलटंही होतं. 'अराउंड द वर्ल्ड' म्हणजे यो-योमध्ये दोरीच्या टोकाला फिरणाऱ्या यो-योची हवेत एक मोठी गोल फेरी. केंडामा या जपानी खेळण्यात त्याच नावाची ट्रिक म्हणजे चेंडू तिन्ही वाट्यांवर झेलून शेवटी टोकावर बसवणं. नाव तेच, काम भलतंच.

आता हे होतं का?

पहिलं कारण धंद्याचं. फिलिपिन्समधून अमेरिकेत आलेल्या पेद्रो फ्लोरेस यांनी १९२८ मध्ये कॅलिफोर्नियात यो-यो बनवायला सुरुवात केली. पुढे डंकन कंपनीने त्यांचा व्यवसाय घेतला आणि 'यो-यो' हा शब्द आपला ट्रेडमार्क म्हणून वापरला. बाकीच्यांना त्याच वस्तूला 'रिटर्न टॉप' वगैरे म्हणावं लागायचं. १९६५ मध्ये कोर्टाने सांगितलं, हा शब्द आता सगळ्यांचा. जिथे खेळण्याच्याच नावावर भांडण, तिथे ट्रिकांच्या नावांत एकमत कुठून येणार?

दुसरं कारण, आपली जीभ. 'मॅन ऑन द फ्लाइंग ट्रॅपीझ' एवढं लांबलचक कोण म्हणणार? मग उरलं नुसतं 'ट्रॅपीझ'. आता जुन्या पुस्तकात पहिलं नाव दिसतं आणि नव्या व्हिडिओत दुसरं.

तिसरं कारण माणसं. 'एली हॉप्स' हे नाव एली हॉपकिन्स या खेळाडूवरून आलं. यात दोरीवर बसलेला यो-यो वर उडवून परत दोरीवर झेलतात. इथे निदान 'हॉप' म्हणजे उडी, हे तरी कळतं. पण प्रत्येक नाव इतकं मदतीला येत नाही.

चौथं, भाषांतर. केंडामातल्या 'उगुइसु' या ट्रिकचं नाव एका विशिष्ट गाणाऱ्या पक्ष्याचं आहे. इंग्रजीत तिचं झालं नुसतं 'बर्ड'. आपल्याकडे विटीदांडूतली 'वकट, लेंड, मूंड, नाल' आठवते? तेलुगूत एक ते चार म्हणजे ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु. शब्द प्रवास करतात, आणि प्रवासात झिजतात.

बरं, याने बिघडतं काय? फ्रीस्टाइल स्पर्धेत फारसं नाही. तिथे परीक्षक हातातल्या क्लिकरने गुण मोजतात, ट्रिकचं नाव विचारत नाहीत. पण ठरलेल्या यादीतल्या ट्रिका करून दाखवायच्या असतात त्या स्पर्धेत नावच महत्त्वाचं. यादीतलं नाव कळलं नाही, तर येणारी ट्रिकही हातची जाते.

जगलर मंडळींनी यावर एक तोडगा काढला. १९८० च्या दशकात 'साइटस्वॅप' नावाची आकड्यांची लिपी तयार झाली. फेकलेला चेंडू किती ठोक्यांनंतर पुन्हा फेकला जाणार, तो आकडा लिहायचा. उदाहरणार्थ ४४१. बेरीज नऊ, भागिले तीन, सरासरी तीन, म्हणजे चेंडू तीन. भाषा कुठलीही असो, आकडा तोच. पण यातही एक गोम आहे. 'मिल्स मेस' या प्रसिद्ध ट्रिकमध्ये हात एकमेकांवरून आडवेतिडवे जातात, तरी साइटस्वॅपमध्ये ती फक्त '३'. हात कुठून गेले, हे आकडा सांगतच नाही. आणि यो-योमध्ये तर सगळा खेळच दोरी कुठून कशी गेली याचा!

म्हणून तुमच्यासाठी एक साधा उपाय. नवी ट्रिक शिकलात की वहीत तीन गोष्टी लिहा: यो-यो दोरीवर कसा आला, तिथे काय केलं, आणि सुटला कसा. त्याखाली जितकी नावं ऐकाल तितकी टिपून ठेवा. पुढच्या वेळी अनोळखी नाव कानावर पडलं, तर घाबरू नका. आधी हात बघा, मग नाव.

चला तर, दोरी बोटात अडकवा. भेटूया पुढच्या भागात!