बोर्ड गेमचा प्रोजेक्ट: आधी नियम, मग रंग
कॉलेजात गटाने बोर्ड गेम बनवायचा म्हटलं की निम्मा वेळ पट रंगवण्यात आणि कार्डं छापण्यात जातो. माझं ठाम मत आहे की गेमचा विषय चित्रांतून नव्हे, नियमांतून पोहोचतो. मॅट लीकॉक यांचा ‘पॅन्डेमिक’ (२००८) घ्या. त्यात साथीचं कार्ड निघालं की टाकून दिलेली शहरांची कार्डं पिसून पुन्हा गड्डीच्या वरच ठेवतात. म्हणजे जिथे रोग आधीच शिरलाय, तीच शहरं परत समोर येतात. एवढ्या एका नियमाने साथ कशी उसळते ते खेळता खेळता कळतं. आणि हा नियम हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांवरही तितकाच चालतो! म्हणून गटाने पहिल्याच आठवड्यात कागद, बटणं, फासे घेऊन खेळायला बसावं.

कुणी म्हणेल, नियमांवर एवढा भरवसा कशाला? एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ साली पेटंट मिळवलेला ‘लँडलॉर्ड्स गेम’ जमिनीची मक्तेदारी किती घातक, हे दाखवायला होता. त्यातूनच पुढे ‘मोनोपॉली’ आली आणि मक्तेदार होणं हीच जीत ठरली. खरं आहे. पण मॅगींच्या खेळाला दुसरी नियमावलीही होती, तिच्यात जमिनीचं भाडं सार्वजनिक खजिन्यात जाई. ‘मोनोपॉली’त ती गळाली. पटाचा सांगाडा राहिला, अर्थ मात्र उलटला. राहता राहिला मार्कांचा प्रश्न. परीक्षक देखणेपणालाही मार्क देतात, हे मान्य. पण छापून आणलेली कार्डं बदलायला कुणी धजत नाही, पेन्सिलीने लिहिलेली खोडता येतात, आणि सजावट शेवटच्या आठवड्यातही उरकते.